आज किती बांध्या?

"मले काय धाड भरली!"

कसं वाटतंय असं कुणीही विचारलं की मावशींचं उत्तर ठरलेलं. ते नुसतं तोंडाने यायचं नाही. आधी उजवा हात वर जायचा, माशी हाकलावी तसा एकदा हवेत फिरायचा, मग पदर सारखा व्हायचा आणि मग हे वाक्य. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशींच्या नाकात नळी होती, डाव्या हाताला सलाईन होतं आणि पोटावर वीतभर टाके होते. ऑपरेशन होऊन एक दिवसही उलटला नव्हता. तरी जो हात मोकळा होता तो त्यांनी माशी हाकलायला वापरला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अंगात ताप असतो, डोळे लाल झालेले असतात, आणि आपण विचारपूस करायला गेलो की हीच माणसं चहा टाकायला उठतात. मला त्यांचा भारी राग येतो. मी नर्स आहे, भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात. जो पेशंट ओरडतो त्याची मला कधी भीती वाटली नाही, त्याचं काय दुखतं ते निदान कळतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्यांनी मला घाम फोडला ते सगळे 'बरं आहे' म्हणणारे होते.

मावशी कोंढ्याच्या. साठी उलटलेली, अंगाने काटक, उंची बेताची, आवाज मात्र धानाच्या चार बांध्यांपलीकडे जाणारा. बारा बायांच्या रोवणीच्या टोळीच्या त्या म्होरक्या. पावसाळ्यात या बाया गावोगाव जाऊन धानाची रोपं चिखलात लावतात. सगळा जन्म पाण्यात उभं राहून गेलेला, त्यामुळे पायांच्या बोटांमध्ये चिखल्यांच्या जुन्या खुणा होत्या. मला आधी पेशंटचे पाय बघायची सवय आहे. ते पाय पाहिले आणि मी समजले की ही बाई आपल्याला काहीही सांगणार नाही.

त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती. आमच्या सरांनी तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली. गाठीचा रिपोर्ट पुढे चांगला आला, ती काळजी मिटली. पण अशा ऑपरेशनात खरी धाकधूक पुढचे काही दिवस असते. तो जोडलेला सांधा कधी कधी आठ-दहा दिवसांनी झिरपायला लागतो, आणि तोवर पेशंट घरी गेलेला असतो. लवकर कळलं तर थोडक्यात निभावतं, उशीर झाला तर जिवावर बेततं.

त्यासाठीच आमच्याकडे मोबाइलचं नवीन अ‍ॅप आलं होतं. पेशंटला घरी सोडताना घरातल्या कुणाच्या तरी फोनवर ते टाकून द्यायचं, सोबत एक थर्मामीटर आणि नाडी मोजायला बोटाला लावायचा चिमटा द्यायचा. रोज सकाळी फोनवर प्रश्न यायचे. ताप किती, नाडी किती, उलटी झाली का, दहापैकी किती दुखतं. मग टाक्यांचा फोटो काढायचा, आणि सगळ्यात शेवटी 'आणखी काही सांगायचे आहे का?' असा एक रिकामा चौकोन. उत्तरं माझ्यासमोरच्या स्क्रीनवर यायची. सगळं ठीक असलं की नावापुढे हिरवा ठिपका, थोडं बिघडलं की पिवळा, जास्त बिघडलं की लाल.

हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त शंका मी काढल्या. सर म्हणाले, "एवढ्या शंका आहेत ना, मग तूच सांभाळ." तेव्हापासून मीटिंगमध्ये मी गप्प बसते, निदान सुरुवातीची दहा मिनिटं.

वॉर्डात मावशी होत्या पाच दिवस, पण त्या गेल्यावर सगळ्यांना वाटलं की पाच महिने होत्या. आतड्याच्या ऑपरेशननंतर वारा सरला की आम्हाला हायसं वाटतं, आतडं कामाला लागलं असं समजायचं. सकाळच्या राउंडला सर प्रत्येकीला हळू आवाजात तेच विचारायचे आणि बाया लाजून पदर तोंडावर घ्यायच्या. मावशींनी दुसऱ्याच दिवशी हा प्रश्न निकालात काढला. सर दारात दिसले की त्या पलंगावरूनच वर्दी द्यायच्या, "चार नंबरचा सरला, सर! सहा नंबरची कोशिस करून राहिली!" सहा नंबरची बाई हसता हसता टाके धरून बसायची. आणि सरांनी "मावशी, तुमचं काय?" म्हटलं की हात वर, माशी हाकलली, पदर सारखा केला.

"मले काय धाड भरली!"

एका गोष्टीत मात्र त्या काट्यावर तोलून बोलायच्या. शेजारच्या पलंगावरची बाईसुद्धा रोवणीला जाणारी. तिने एकदा बोलता बोलता सांगितलं की मी एका दिवसात एकटी दहा बांध्या उरकते. बांधी म्हणजे धानाच्या शेतातला एक बांध घातलेला तुकडा. मावशी ताडकन उठून बसल्या. मला वाटलं टाके तुटले.

"कोनती बांधी? केवढी?"

"असन ना वो लहानमोठी."

"तसं नाही चालत. माह्या घरामागं एक बांधी हाय, लग्नाचा लहान मांडव पडन येवढी. त्या बांधीच्या मापानं सांग. माह्या अंगात भरती ताकद असताना मी सात करतो. आठ म्हननारी खोटी. आन तू दहा म्हनते?"

ती बाई ओशाळली. मावशींनी मग आवाज खाली आणून तिला समजावलं, "कामाचं खोटं नाही बोलू, बाई. चिखल आपल्याले पाहून राहते." मी औषधाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. मला तेव्हा फक्त हसू आलं.

मावशी घरी गेल्या. अ‍ॅप सुनेच्या फोनवर टाकलं होतं. सून दहावी शिकलेली, कामाला चटपटीत, पण सासूपुढे तोंड न उघडणारी. पहिल्या दिवशी हिरवा ठिपका, दुसऱ्या दिवशी हिरवा ठिपका. दुखणं दहापैकी दोन, परत दोन. मी मनात म्हटलं, चला, एक तरी पेशंट वेळेवर उत्तरं पाठवते.

तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मी फोन केला. सुनेने स्पीकर लावला.

"मावशी, पोट किती दुखतं? दहापैकी सांगा."

मला अपेक्षा एका आवाजाची होती. आले चार-पाच.

"तीन म्हन, तीन."

"तीन कायले वो? काल तर हासून राहिली होती. दोन म्हन."

"माहे गुडघे चार हायेत," एक घोगरा आवाज म्हणाला. "वीस वर्सापासून चार हायेत."

 मग मावशींचा आवाज आला, "दोन लिहा, सिस्टर. मले काय धाड भरली!"

मी सुनेला म्हटलं, फोन घेऊन जरा मागच्या दारी जा. ती गेली आणि हळू आवाजात तिने सगळं सांगितलं. सकाळी घरापुढच्या छपरीत टोळीतल्या बाया येऊन बसायच्या. मावशींना भेटायला म्हणून पहिल्या दिवशी आल्या, आणि अ‍ॅपचे प्रश्न ऐकायला म्हणून दुसऱ्या दिवसापासून येऊ लागल्या. सून प्रश्न वाचून दाखवायची. अ‍ॅपचं मराठी असं की 'आपणांस अधोवायू सरला काय?' पहिल्या दिवशी हे वाचलं तेव्हा एकीने विचारलं म्हणे, "हे कोनाच्या लग्नाचं बोलावनं हाय?" अर्थ कळल्यावर छपरीतल्या हसण्याने समोरच्या घरातली म्हैस दावं तोडून पळाली. सुनेच्या म्हणण्याप्रमाणे हे खरं आहे, मी पाहिलेलं नाही.

प्रश्न ऐकायचे, चर्चा करायची आणि सगळ्यांनी मिळून उत्तर ठरवायचं. ताप आणि नाडीवर कुणाचं मत चालायचं नाही, तिथे आकडा दिसायचा. पण दहापैकी किती दुखतं हे छपरी ठरवायची.

"सासूबाईले मी ईचारलं, खरं काहून नाही सांगत," सून म्हणाली. "तर म्हन्तेत, तिचे गुडघे चार हायेत. वीस वर्सापासून बिचारी भोगून राहिली. मी पाच सांगितलं तर तिले वाईट नाही वाटन?"

 मी रागावायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. फोन ठेवल्यावर मात्र मी स्क्रीनकडे पाहिलं आणि तो हिरवा ठिपका मला अजिबात आवडला नाही. ज्या दुखण्यावरून आम्ही सांधा झिरपतोय हे ओळखणार, ते दुखणं एका मैत्रिणीच्या गुडघ्यांना बांधलेलं होतं. चारच्या वर ते जाणारच नव्हतं, मग आत काहीही होवो.

सांगून उपयोग नव्हता. दुखणं लपवू नका म्हटलं असतं तर मावशी "हो हो" म्हणाल्या असत्या आणि दोनच लिहिलं असतं. मी चहा घेतला, दुसऱ्या एका पेशंटवर विनाकारण खेकसले, आणि तेव्हा मला ती दहा बांध्यांची भानगड आठवली. परत फोन लावला.

"मावशी, एक विचारू? आज तुम्हाला रोवणीला उभं केलं, तर घरामागच्या त्या बांधीच्या मापाने किती बांध्या कराल?"

 या प्रश्नावर कुणी मत दिलं नाही. कुणाच्या हाताने किती रोवलं जाईल ते तिनेच सांगायचं, असा त्यांच्यातला रिवाज असावा. मावशींनी बराच वेळ घेतला. त्या मनातल्या मनात वाकून पाहत होत्या, पाण्यात पाय घालून पाहत होत्या, असं मला वाटलं.

"अर्धी," त्या म्हणाल्या.

"खरं?"

"चिखल पाहून राहते, सिस्टर."

त्या दिवसापासून सुनेला सांगून ठेवलं की बाकीची उत्तरं छपरीला ठरवू दे, पण शेवटच्या रिकाम्या चौकोनात रोज बांध्या लिहायच्या. चौथ्या दिवशी आलं, 'एक'. पाचव्या दिवशी 'दीड', आणि पुढे सुनेने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं, 'पन वाकताना थांबावं लागन म्हन्तेत'. मी सरांना सांगितलं. सर मूळचे बपेऱ्याचे, धानाच्याच घरातले. ते खूप हसले आणि म्हणाले, "पुढच्या राउंडला मलाही विचार."

सहाव्या दिवशी सकाळी स्क्रीन उघडली. मावशींच्या नावापुढे हिरवा ठिपका. दुखणं दोन. ताप किंचित, नाडी जराशी जोरात, पण दोन्ही आकडे आमच्या ठरवलेल्या रेषेच्या अलीकडे. टाक्यांचा फोटो स्वच्छ. अ‍ॅपच्या मते सगळं उत्तम होतं. शेवटच्या चौकोनात मात्र लिहिलं होतं, 'एकबी नाही'.

मी ते तीनदा वाचलं. मावशी कामाचं खोटं बोलणार नाहीत, म्हणजे आत काहीतरी बिघडलं होतं. आणि खरं सांगते, त्याच वेळी मला लाजही वाटत होती. सरांना जाऊन काय सांगायचं? हिरवा ठिपका आहे, पण बांध्या कमी झाल्यात? त्यांच्या खोलीबाहेर पेशंटची रांग लागलेली होती. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. मग त्या चिखल्यांचे पाय आठवले आणि आत घुसले.

"सर, मावशींच्या बांध्या गेल्या."

सर लिहीत होते. "काल किती होत्या?"

"दीड."

"आज?"

"एकही नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोवणीची बाई एकही नाही म्हणाली? स्वतःच्या तोंडाने?"

"स्वतःच्या."

"बोलावून घे. आत्ताच्या आत्ता."

बोलावणं सोपं नव्हतं. मी फोन केला तर मावशी स्पीकरवर हसत होत्या, पण ते हसू वरवरचं होतं, मधेच तुटत होतं. "थकवा हाय जरासा. उद्या पाहू. येवढ्यासाठी गाडी कायले कराची? मले काय धाड भरली!"

"सिस्टर," मागून सून बोलली. सासूसमोर, स्पीकरवर, ती बोलली. "सकाळपासून उचकी थांबून नाही राहिली त्यांची. पानीबी नाही घेतलं. पोट टम्म झालं."

"तू चूप बस!" मावशी म्हणाल्या. यावर छपरीतल्या बायांनी एकदमच बोलायला सुरुवात केली, आणि मला कुणाचंच काही कळेना. तेव्हा मला जे सुचलं ते मी केलं. ते नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात नाही.

"गुडघेवाल्या बाई आहेत का तिथे?" मी ओरडले.

"हाव," घोगरा आवाज आला.

"तुमचे गुडघे आज किती?"

"चार."

"बाई, तुमच्या पाया पडते. आजच्या दिवस ते कमी करा. ही तुमच्यापेक्षा जास्त सांगायला लाजते. तिचा जीव धोक्यात आहे."

 मग त्या बाई बोलल्या. मावशींशी बोलल्या, माझ्याशी नाही.

"हे पाह्य, माहे गुडघे आज दुखतच नाही. शून्य हायेत. देवाची आन. आता तू सांग. किती?"

पलीकडून फक्त मावशींची उचकी ऐकू आली.

"सांग ना वो, माय. मी येवढ्या दूरची चालत आली ना? दुखत असते तं आली असती?"

आणि मग मावशी म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात, जो चार बांध्या तर सोडाच, छपरीपलीकडेही गेला नसता. "सात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सात घेऊन ही बाई सकाळपासून छपरीत बसून सगळ्यांशी हसत होती.

गावातल्या एकाची जीप मिळाली. दुपारच्या आत मावशी आमच्याकडे पोहोचल्या, सोबत सून आणि जीपमध्ये मावतील तेवढ्या बाया. तपासण्या झाल्या, स्कॅन झाला. सरांचा अंदाज खरा निघाला. सांध्यापाशी झिरपायला नुकतीच सुरुवात झाली होती, आजूबाजूला थोडा पू जमला होता. लवकर सापडल्यामुळे पोट परत उघडावं लागलं नाही. बाहेरून एक बारीक नळी घालून तो पू काढून टाकला, मोठी औषधं सुरू केली, आणि तोंडाने खाणं बंद केलं. सर बाहेर येऊन म्हणाले, "आणखी एक-दोन दिवस गेले असते तर मी तुमच्यासमोर असा उभा राहिलो नसतो." 

गुडघेवाल्या बाई खालीच होत्या. आमचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर आणि जिना त्यांना चढता येईना. दिवसभर जिन्याच्या पायथ्याशी बाकावर बसून त्या उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, झाडूवाल्यालासुद्धा. मी खाली जाऊन सांगितलं की आता धोका टळला. त्या पदराने डोळे पुसत बसल्या. मग माझा हात धरून जवळ ओढलं आणि कानात म्हणाल्या, "बाई, खरं सांगू? माहे गुडघे पाच हायेत."

मी त्यांना दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. ते करायलाच हवं होतं.

मावशी दोन आठवडे राहिल्या. पहिले काही दिवस त्यांचं हसणं बंद होतं, आणि वॉर्डात सकाळची वर्दी नव्हती. सहा नंबरला आता दुसरीच बाई होती, तिला कळेना की सर दारात थबकून मावशींच्या पलंगाकडे का बघतात. एक दिवस मावशींना बरं वाटत असताना सरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून काय झालं ते समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे बोडीच्या पाळीले झिरप लागली होती. पाळ फुटाच्या आधी तुमी माती लावली." बोडी म्हणजे गावतळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. सर म्हणाले, "बरोबर." नंतर मला म्हणाले की विद्यार्थ्यांना सांगायला हेच वापरतो आता.

"पण मावशी, पुढच्या वेळी दुखलं तर खरं सांगाल ना?" मी विचारलं.

त्यांचा हात वर गेला. मी डोळे वटारले. हात तसाच हवेत थांबला, मग त्यांनी तो खाली घेतला आणि गालातल्या गालात हसल्या. "दुखन्याचं सांगता येत नाही वो, सिस्टर. सवय नाही. तुमी बांध्याच ईचारत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारात आले आणि पलंगावरून आवाज आला, "सहा नंबरचा सरला, सर!" सगळा वॉर्ड हसला. मी तेवढ्यात औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझा चेहरा कुणी पाहावा असं मला वाटत नव्हतं.

यानंतर आमचं अ‍ॅप बदललं. सरांनी ते बनवणाऱ्यांना सांगून एक प्रश्न वाढवून घेतला, 'तुमच्या रोजच्या कामापैकी आज किती काम कराल?' तिकडच्या बाईंनी मला फोन करून फार आस्थेने विचारलं की एक बांधी म्हणजे नेमके किती चौरस फूट. मी म्हटलं, ज्याची त्याची बांधी वेगळी, चौकोन रिकामाच ठेवा. आता त्या चौकोनात काय काय येतं! पवनीचे एक विणकर आजोबा रोज किती हात लुगडं विणू शकेन ते कळवायचे. जवाहरनगरचे एक निवृत्त गृहस्थ कॉलनीच्या चकरा मोजायचे, अर्ध्या चकरेचाही खुलासा करायचे. आणि वाऱ्याचा प्रश्न आता साध्या मराठीत आहे, त्याचं श्रेय छपरीला.

महिना झाला की अ‍ॅपमधून पेशंटचं नाव आपोआप निघून जातं. मावशी दुसऱ्यांदा घरी गेल्यावर त्यांचा महिना नव्याने मोजला होता. रोज सकाळी मी आधी त्यांचाच चौकोन उघडायची. एक, दीड, दोन, अडीच. एकदा 'तीन, पन सून करू नाही देत'. मग एका सोमवारी स्क्रीन उघडली आणि यादीत त्यांचं नाव नव्हतं. ही आनंदाचीच गोष्ट, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. तरी मी ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली, आणि मला एकदम एकटं वाटलं.

पुढच्या आठवड्यात फोन आला. सुनेचा नंबर, मावशींचा आवाज.

"सिस्टर, तुमच्या किती?"

"माझ्या काय किती?"

"बांध्या."

त्या दिवशी माझी कंबर धरली होती, घरी सासऱ्यांचं आजारपण होतं, दोन ड्युट्या लागोपाठ झाल्या होत्या. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मला काय धाड भरलीय, मावशी!"

"ते माहं हाय," त्या म्हणाल्या. "बांध्या सांगा."

मी मनातल्या मनात वाकून पाहिलं. "एक," म्हटलं. "एकपण धड नाही."

"मंग आज घरी जाऊन झोपजो, माय," त्या म्हणाल्या. आमच्या घरात किंवा दवाखान्यात असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी खरंच रजा टाकून घरी गेले आणि झोपले.

त्या पावसाळ्यात पवनीकडे आमचं आरोग्य शिबिर होतं. परत येताना मी गाडी कोंढ्याला वळवायला लावली. छपरी ऐन सकाळसारखी भरलेली असेल अशी माझी कल्पना. पण तिथे फक्त गुडघेवाल्या बाई होत्या, पाय लांब करून, गुडघ्यांना डॉक्टरांनी दिलेले पट्टे. मावशी कुठे विचारलं तर म्हणाल्या, "ते काय घरी सापडते? रोवन्यावर गेली."

मी चिडले. सरांनी या वर्षी फक्त धुऱ्यावर उभं राहून बायांवर देखरेख करायची परवानगी दिली होती, आणि धुरा म्हणजे बांध, बांधाच्या आतलं पाणी नव्हे. मी साडी वर खोचली, चपला हातात घेतल्या आणि निघाले.

दोन बांध्या ओलांडल्यावर ती टोळी दिसली. बारा बाया एका ओळीत वाकलेल्या, गुडघाभर चिखलात. बारा पाठी अगदी सारख्या. धुऱ्यावर कुणीही नव्हतं. मी तिथे उभी राहिले आणि कुणाला हाक मारावी तेच कळेना. शेवटी मोकळ्या आवाजात ओरडले, "मावशी! आज किती बांध्या?"

ओळीतली मधली एक पाठ सरळ झाली. एका हातात रोपांची जुडी, कोपरापर्यंत चिखल. तिने मोकळा हात वर केला. मला वाटलं, आता माशी हाकलणार.

"सात!" ती ओरडली. ते पार चौथ्या बांधीपलीकडे गेलं असेल.

मग ती परत वाकली आणि ओळ पुढच्या कामाला लागली. रोवणी करणारी बाई मागे मागे सरकत जाते हे तुम्ही पाहिलं असेल. तोंड तिचं लावलेल्या रोपांकडे असतं. त्यामुळे मी धुऱ्यावर उभी होते तोवर मावशी माझ्यापासून लांब लांब जात होत्या, आणि तोंड सारखं माझ्याकडे होतं.